काळ्या कापडावरचा काळा धागा

मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं की समोर बसलेली माणसं पहिला प्रश्न विचारतात, "सगळ्यात चांगली लेन्स कुठली?" आणि पाठोपाठ दुसरा, "फॉरेनची आहे ना?" पलसाण्यात हायवेच्या कडेला असलेल्या एका डोळ्यांच्या दवाखान्यात मी ऑप्टोमेट्रिस्ट आहे. ऑपरेशनआधी डोळ्यांची मापं घ्यायची आणि मग पेशंटला, घरच्यांना समोर बसवून कुठलं भिंग घालायचं यावर बोलायचं, ही दोन्ही कामं माझ्याकडे आहेत. त्यांच्या प्रश्नाला मी लगेच उत्तर देत नाही. आधी मीच विचारते, "तुम्ही दिवसभर काय काम करता? करताना हात डोळ्यांपासून किती लांब असतात?" लोक बिचकतात. डोळे दाखवायला आलो आणि ही बाई हातांचं काय विचारत बसली, असं चेहऱ्यावर स्पष्ट दिसतं. पण एवढं कळल्याशिवाय त्यांच्यासाठी चांगलं भिंग कुठलं ते मला सांगता येत नाही, आणि डॉक्टरांनाही ठरवता येत नाही.

आमच्याकडे कोण येतं ते आधी सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यावरच उभं आहे. पलसाणा हा सुरत जिल्ह्यातला तालुका. मुंबई-अहमदाबाद महामार्ग, म्हणजे आताचा ४८ नंबरचा, तालुक्यातून जातो. कडोदरा, जोळवा, तांतीथैया या पट्ट्यात कापड रंगवण्या-छापण्याच्या मिल आहेत, लूमचे कारखाने आहेत, चलथाणला साखर कारखाना आहे आणि मोकळ्या जागेत बहुतेक ऊसच. जुनी माणसं जिला ताप्ती लाइन म्हणतात ती रेल्वे चलथाण, गंगाधरा, बारडोली, व्यारा, नवापूर करत नंदुरबारला आणि पुढे दोंडाईचा, अमळनेर, जळगावला जाते. आमचा खानदेश याच लाइनीने सुरतेत उतरला. लिंबायत, उधना, डिंडोली भागात तर अहिराणी रस्त्यावर ऐकू येते. तिथली मंडळी मिलमागोमाग कडोदऱ्याकडेही सरकली. त्यामुळे माझ्यासमोर एका सकाळी गुजराती शेतकरी, उडिया विणकर, भोजपुरी ट्रक ड्रायव्हर आणि खानदेशी मावशी असे ओळीने बसलेले असतात. कुणी मला बेन म्हणतं, कुणी मॅडम, आणि मावशी म्हणतात पोरी.

भिंगाची गोष्ट समजायला सोपी आहे, पण ती नीट सांगावी लागते. तरुणपणी डोळ्यातलं नैसर्गिक भिंग लवचीक असतं. आभाळातला पतंग बघता बघता हातातला मांजा बघितला तरी ते क्षणात आकार बदलतं आणि दोन्ही स्पष्ट दिसतात. चाळिशी उलटली की ते ताठर होत जातं आणि जवळचा चष्मा लागतो. पुढे ते गढूळ होतं, तोच मोतीबिंदू. ऑपरेशनमध्ये या भिंगाभोवतीची द्राक्षाच्या सालीइतकी नाजूक पिशवी जागेवर ठेवून आतला गर काढून घेतात आणि त्याच पिशवीत कृत्रिम भिंग बसवतात. हे भिंग फुगत नाही, आकसत नाही. साधं, एकाच शक्तीचं भिंग एका ठरावीक अंतरावर सगळ्यात स्पष्ट दाखवतं, बाकीच्या अंतरांसाठी चष्मा. म्हणून लेन्स निवडायची म्हणजे मुळात अंतर निवडायचं. चष्म्याविना आयुष्यातलं कुठलं अंतर हवं आणि कुठल्यासाठी चष्मा चालेल, हा तो निर्णय. ब्रँड, देश, किंमत हे सगळं त्याच्या मागून येतं.

मापं घेणं हा माझ्या कामाचा सगळ्यात शांत आणि सगळ्यात जबाबदारीचा भाग. मोठ्या माणसाचा डोळा पुढून मागे साधारण साडेतेवीस मिलिमीटर लांब असतो. बुबुळाची वक्रता आणि ही लांबी, या दोन मापांवरून सूत्र लावून भिंगाची शक्ती काढतात. सँडर्स, रेट्झलाफ आणि क्राफ या तिघांच्या आद्याक्षरांचं एसआरके सूत्र १९८० सालचं, आणि त्याची सुधारलेली रूपं अजून वापरात आहेत. लांबी मोजताना एका मिलिमीटरची चूक झाली, तर नंतर चष्म्याचा नंबर अडीच-तीनने चुकतो. १९९९ पासून प्रकाशाने मोजणारी यंत्रं आली, ती डोळ्याला स्पर्श न करता मोजतात आणि फार अचूक असतात. पण मोतीबिंदू पार पिकून पांढरा किंवा तपकिरी झाला असेल तर त्यातून प्रकाश आरपार जात नाही, आणि मग ध्वनिलहरींच्या जुन्या प्रोबनेच मोजावं लागतं. तो प्रोब बुबुळावर टेकवताना जराही दाबला गेला की डोळा आहे त्यापेक्षा आखूड भरतो. त्यामुळे माझा हात तिथे हलका आणि स्थिर लागतो. एकच माप दोनदा-तीनदा घेते आणि दोन्ही डोळ्यांत मोठा फरक दिसला तर पेशंटला दुसऱ्या दिवशी परत बोलावते. लोक कुरकुरतात. मिलमधली खाडा पडलेली पाळी त्यांना परवडत नाही हे मला कळतं, तरी बोलावते.

या मापाचं मोल पहिल्याच भिंगाने जगाला शिकवलं. लंडनच्या सेंट थॉमस हॉस्पिटलात हॅरल्ड रिडली यांनी २९ नोव्हेंबर १९४९ रोजी एका बाईच्या डोळ्यात पहिल्यांदा कृत्रिम भिंग घातलं. दुसऱ्या महायुद्धात लढाऊ विमानांच्या पारदर्शक प्लास्टिकच्या काचा फुटून त्यांचे तुकडे वैमानिकांच्या डोळ्यांत घुसले होते, आणि ते तुकडे तिथे वर्षानुवर्षं निमूट पडून राहतात, डोळा त्यांच्यावर चिडत नाही, हे रिडली यांनी पाहिलेलं होतं. त्यावरूनच त्यांनी त्या जातीच्या प्लास्टिकचं भिंग करवून घेतलं. भिंग डोळ्याने स्वीकारलं, पण शक्तीचा हिशेब फार चुकला आणि त्या बाईला जाड उणे नंबरचा चष्मा लावावा लागला. सहकाऱ्यांनी रिडलींना कित्येक वर्षं वेड्यात काढलं. आज गावोगावच्या शिबिरात जे ऑपरेशन होतं त्याची सुरुवात त्या माणसाच्या हट्टात आहे, आणि मापाची मशीन सुरू करताना मला त्यांची आठवण आदराने येते.

आता त्या मावशींबद्दल सांगते. त्यांच्यामुळे माझ्या मनातलं बरंच काही पक्कं झालं.

बासष्टीच्या आसपासच्या, मूळच्या अमळनेर तालुक्यातल्या. नवरा लूमवर होता, आता नाही. मुलगा एम्ब्रॉयडरीच्या कारखान्यात सुपरवायझर, सून घरी, आणि घरात सगळ्या बायका धागा कटिंग करतात. सुरतेबाहेरच्या वाचकांसाठी सांगायला हवं: एम्ब्रॉयडरी मशीनवरून साडी उतरते तेव्हा तिच्या उलट्या बाजूला एका फुलापासून दुसऱ्या फुलापर्यंत ओढलेले धागे लोंबत असतात. ते एकेक करून कात्रीने कापायचे. साडीच्या हिशेबाने पैसे मिळतात. चुकून टाका कापला गेला तर साडी बाद, आणि पैसे कापले जातात. हे काम हजारो घरांत जमिनीवर बसून, मांडीवर साडी घेऊन चालतं. कापड डोळ्यांपासून हातभराच्याही आत असतं.

मुलाने ठरवूनच आणलं होतं. "मॅडम, आईला सगळ्यात भारी लेन्स टाका. चष्मा नको म्हणजे नको. आयुष्यभर आमच्यासाठी राबली आहे." तो कर्ज काढायला तयार होता. त्याला हवं होतं ते मल्टिफोकल भिंग, ज्यात दूरचं आणि जवळचं दोन्ही चष्म्याविना दिसण्याची सोय असते. त्याचा भाव मनापासूनचा होता आणि मला त्याचं कौतुकच वाटलं. पण मावशींना बारा-पंधरा वर्षांची साखर होती आणि तपासणीत डोळ्याच्या आतल्या पडद्याच्या मध्यभागी साखरेमुळे आलेले थोडे बदल दिसत होते. मल्टिफोकल भिंग डोळ्यात येणारा प्रकाश वाटून घेतं, काही दूरच्यासाठी, काही जवळच्यासाठी. त्यामुळे कुठल्याही एका अंतरावर पूर्ण प्रकाश मिळत नाही आणि उठाव थोडा कमी होतो. पडदा निरोगी असेल तर बहुतेक माणसं ते निभावून नेतात. पडदा आधीच अधू असेल तर तो थोडासा तोटाही भारी पडतो. आणि मावशींनी नंतर विचारलेला प्रश्न नेमका त्याच दुखऱ्या जागेचा होता.

मुलगा बोलत असताना त्या गप्प होत्या. मी त्यांच्याकडे वळून विचारलं, "मावशी, तुम्हाला काय दिसायला हवंय?" त्या म्हणाल्या, "पोरी, काया कापडवर काया धागा दिखी का माले?"

काळ्या कापडावर काळा धागा. सणाच्या सीझनला गडद साड्या जास्त येतात आणि त्यांच्यावर त्याच रंगाचं भरतकाम असतं. हा प्रश्न दृष्टीच्या तक्त्यावर मोजता येत नाही. तक्त्यावरची अक्षरं पांढऱ्यावर काळी असतात, धागाकटिंगवालीचं जग तसं नसतं. त्यांना हवा होता उठाव, आणि तोही हातभराच्या आतल्या अंतरावर. दूरचं काय हवं असं विचारलं तर म्हणाल्या, गल्लीतल्या मंदिरात जाते, सुनेसोबत बाजारात जाते, टीव्ही ऐकते. टीव्ही ऐकते असंच म्हणाल्या.

डॉक्टरांशी बोलून आम्ही त्यांच्यापुढे एक वेगळा पर्याय ठेवला. साधंच, एकाच शक्तीचं भिंग घालायचं, पण नंबर दूरसाठी न धरता मुद्दाम उणे सव्वादोनच्या आसपास ठेवायचा. म्हणजे साधारण चाळीस-पंचेचाळीस सेंटिमीटरवरचं चष्म्याविना स्वच्छ दिसेल आणि रस्त्यावर, देवळात जाताना चष्मा लावायचा. मुलगा गोंधळला. "ऑपरेशन करूनही दूरचा चष्मा? लोक काय म्हणतील?" त्याला समजावण्यापेक्षा दाखवणं बरं. मावशींचा एक डोळा अजून बरा होता. त्या डोळ्यासमोर ट्रायल फ्रेममध्ये त्यांच्या दूरच्या नंबरावर अधिक सव्वादोनची काच वाढवली, दुसरा डोळा झाकला, आणि मुलाच्या पिशवीतलं ब्लाउज पीस हातात दिलं. मग त्यांना दवाखान्याच्या व्हरांड्यात चालवून आणलं. लांबची माणसं धूसर दिसली, पायाखालची पायरी दिसली, हातातलं कापड नीट दिसलं. मावशी परत येऊन बसल्या आणि मुलाला म्हणाल्या, हेच हवं. मी त्यांना आणखी एक गोष्ट सांगितली, की पडद्याला साखरेने जे केलं आहे ते भिंगाने भरून येणार नाही, त्यामुळे खिडकीजवळ बसा आणि साडीवर बाजूने पडेल असा दिवा लावा. या साध्या दिव्याने काळा धागा काळ्या कापडावर जेवढा उठून दिसतो तेवढा महागड्या भिंगानेही दिसत नाही, आणि हे सांगायला कुणी पैसे घेत नाही.

दुसऱ्या कामातल्या माणसाला हाच पर्याय देता आला नसता. लूमवर काम करणाऱ्याला एकाच वेळी बरेच लूम सांभाळत रांगेतून फिरावं लागतं. कुठल्या लूमचा तार तुटला ते चार पावलांवरून दिसलं पाहिजे, मग वाकून तो जोडायचा. त्याला दूरचं नाहीतर मधलं अंतर हवं. बीमचे हजारो तार एकेक करून फणीतून ओढून घेणाऱ्या कारागिराला मात्र जवळचंच हवं. दोघेही कापडाच्याच धंद्यातले, एकाच शेडमधले, आणि भिंगाचं गणित उलटं. म्हणून "काय काम करता" याला "मिलमध्ये" एवढं उत्तर आलं की मी तिथे थांबत नाही. मिलमध्ये कुठे, उभ्याने की बसून, पाळी दिवसाची की रात्रीची, हे सगळं विचारते.

पैशांबद्दलही मोकळं बोलायला हवं. साध्या भिंगाचं ऑपरेशन काही हजारांत होतं, किंवा सरकारी योजनेत आणि ट्रस्टच्या शिबिरात फुकट. मल्टिफोकलचा खर्च एका डोळ्याला त्याच्या कितीतरी पट जातो. खानदेशातल्या बऱ्याच कुटुंबांचं सरकारी योजनेचं कार्ड गावाकडचं असतं. आयुष्मानचं कार्ड दुसऱ्या राज्यातही चालायला हवं असा नियम आहे, त्यामुळे आम्ही ते आधी पाहतो आणि मगच खिशाला हात लावायला सांगतो. फॉरेनची लेन्स की देशी, यावर मी लोकांना मदुराईच्या ऑरोलॅबबद्दल सांगते. डॉ. जी. वेंकटस्वामी यांनी १९७६ मध्ये अरविंद नेत्रालय सुरू केलं तेव्हा भिंगं बाहेरून यायची आणि गरिबांना परवडत नसत. १९९२ मध्ये त्यांनी ऑरोलॅब काढून भिंगं इथेच बनवायला घेतली, किंमत कोसळली, आणि ती भिंगं पुढे कितीतरी देशांत गेली. देशी म्हणजे दुय्यम, ही समजूत डोळ्यांच्या बाबतीत तरी केव्हाच खोटी ठरली आहे. किमतीचा फरक जिथे खरा आहे तो साहित्यात आणि कडेच्या घडणीत. घडी घालून अडीच-तीन मिलिमीटरच्या छेदातून आत जाणारं ॲक्रिलिक भिंग, त्यातही पाणी न शोषणारं आणि चौकोनी कडेचं असेल, तर मागची पिशवी पुन्हा धूसर होण्याचं प्रमाण कमी राहतं. झालीच तर लेसरने काही मिनिटांत साफ करता येते. एवढ्यासाठी थोडे जास्त पैसे देणं मला योग्य वाटतं आणि मी तसं सांगते.

आमच्या व्यवसायात एक गोष्ट मला मान्य नाही. काही ठिकाणी समुपदेशकाला महिन्याला किती महागडी भिंगं विकली याचं टार्गेट असतं. मी पूर्वी एका ठिकाणी हे जवळून पाहिलं आहे. ज्याने डोळ्याचं माप घेतलं, ज्याच्यावर पेशंटने विश्वास टाकला, त्याच्याच पगारात भिंगाचा टक्का मिसळला की प्रश्न बदलतो. "तुमचे हात कुठे असतात" ऐवजी "तुमचं बजेट किती" असं विचारलं जातं. कापड मिलमधला माणूस बजेट सांगताना लाजतो, मुलगा आईसमोर कमी आकडा उच्चारू शकत नाही, आणि त्या लाजेवर विक्री होते. हे थांबलं पाहिजे, आणि ते थांबवणं दवाखान्यांच्या हातात आहे. मल्टिफोकल भिंगाला माझा विरोध नाही. शाळेत शिकवणाऱ्या एका बाईंना आम्ही ते सुचवलं. फळा, मुलांच्या वह्या, मोबाइल, सगळी अंतरं त्यांना दिवसभर लागत होती, पडदा निरोगी होता, डोळे कोरडे नव्हते, रात्री गाडी चालवायची नव्हती. त्या आज आनंदात आहेत. योग्य माणसाला मिळालं तर ते भिंग वरदान आहे.

ट्रक ड्रायव्हरला ते मिळू नये, हे मात्र मी ठासून सांगते. मल्टिफोकलवर रात्री समोरच्या हेडलाइटभोवती वलयं दिसतात. बऱ्याच जणांना काही महिन्यांत सवय होते. पण ज्याला रोज रात्री मुंबईच्या दिशेने माल घेऊन जायचं आहे त्याच्याजवळ सवय होईपर्यंतचे महिने नसतात. एका ड्रायव्हर दादांनी ऐकून आलेला "चष्मामुक्ती" हा शब्द धरून ठेवला होता. त्यांच्या बुबुळाची वक्रता आडवी-उभी असमान होती, म्हणजे सिलिंडरचा नंबर. त्यांना टोरिक भिंग सुचवलं, दूरचं एकच अंतर, पण तो सिलिंडर भिंगातच बसवलेला. ते भिंग ठरलेल्या कोनात बसावं लागतं. एक अंश फिरलं तर परिणाम तीनेक टक्क्यांनी घटतो आणि तीस अंशांनी फिरलं तर फायदा संपतोच. माणूस आडवा झाला की डोळा किंचित फिरतो, म्हणून कोनाच्या खुणा पेशंट ताठ बसलेला असतानाच करून ठेवतात. दादांना हे सगळं सांगितल्यावर त्यांनी विचारलं, "म्हणजे पावती फाडायला जवळचा चष्मा लागणार?" लागणार म्हटलं. ते म्हणाले, पावती क्लीनर वाचेल.

दिवाळीनंतर कारखान्याचा हंगाम सुरू झाला की ऊसतोडीच्या टोळ्या येतात. नंदुरबार, धुळे, डांगकडची आदिवासी कुटुंबं उसाच्या फडाशेजारी पालं ठोकून राहतात. त्यांचे मोतीबिंदू आमच्यापर्यंत येतात तेव्हा बहुतेक वेळा पार पिकलेले असतात. उसाच्या पातीने बुबुळावर ओरखडे पडलेले असतात, तेही वेगळं बघावं लागतं. प्रकाशाचं यंत्र तिथे हात टेकतं, प्रोबनेच माप घ्यावं लागतं. इतक्या कडक मोतीबिंदूला डॉक्टर पुष्कळदा थोडा मोठा छेद घेऊन, टाका न घालता करायचं ऑपरेशन निवडतात आणि घडी न होणारं कडक भिंग घालतात. रिडलींच्या भिंगाचं साहित्य तेच. ते स्वस्त असतं म्हणून लोक त्याला कमी लेखतात. ते चुकीचं आहे. त्या डोळ्याला, त्या हंगामात, त्या हाताला ते भिंग उत्तम काम देतं. तोडणाऱ्याचा कोयता बुडख्याशी, म्हणजे डोळ्यांपासून हातभराच्या पलीकडे चालतो, बाकी नजर फडावर, बैलगाडीवर, वाटेवर. दूरचा नंबर त्याला हवाच. पण खरी अडचण भिंगाची नसते. ऑपरेशननंतर महिनाभर थेंब घालायचे, धूळ आणि चुलीचा धूर डोळ्यांपासून लांब ठेवायचा, तपासायला यायचं. पालातल्या माणसाला मुकादम एक दिवस सोडतो, चार आठवडे नाही. म्हणून हंगाम संपता संपता, गावी परत जाण्याआधी ऑपरेशन करायचं आणि पुढची तपासणी नंदुरबारला कुठे करायची ते लिहून द्यायचं, असं आम्ही ठरवतो. हिवाळ्यातच ऑपरेशन करावं, पिकल्यावरच करावं, या दोन समजुती अजून घट्ट आहेत. दोन्हींना आता आधार नाही. पिकायची वाट पाहिली की ऑपरेशन अवघडच होतं.

सगळ्यात जास्त वेळ मी ज्यांच्यासोबत घालवला ते होते एका प्रोसेस हाउसमधले कलर मास्टर. मूळचे धुळ्याकडचे, सगळे त्यांना आप्पा म्हणायचे. मिलमध्ये कापड रंगवण्याआधी पार्टीने दिलेल्या नमुन्याशी शेड जुळवायची, हे त्यांचं काम. संगणकावर रंग मोजणारी यंत्रं आली आहेत, पण शेवटचा होकार मास्टरच्या डोळ्याचा. शेड चुकली तर हजारो मीटर कापड परत येतं.

आप्पांची तक्रार धूसरपणाची नव्हतीच. ते म्हणाले, "नेव्ही आणि काळा माझ्या हातून मिसळायला लागले. क्रीम पांढरं वाटतं. पोरं पाठीमागे हसतात." त्यांच्या डोळ्यातलं भिंग तपकिरी झालं होतं. असं भिंग निळा-जांभळा प्रकाश अडवतं. हे इतक्या हळूहळू होतं की मेंदू जुळवून घेत राहतो, पांढरं त्यांना पांढरंच वाटतं, आणि तरी निळ्या बाजूचे बारीक भेद हातातून निसटतात. आयुष्यभर ज्या गोष्टीवर नाव कमावलं तीच डोळ्यांनी हळूच काढून घेतली होती, आणि मिलमध्ये ते उघड बोलायची सोय नव्हती.

त्यांच्या भिंगाबद्दल आम्ही तिघांनी, आप्पा, डॉक्टर आणि मी, दोन बैठकांमध्ये विचार केला. मल्टिफोकल पहिल्यांदाच बाद झालं, उठाव कमी होणं त्यांना परवडणारं नव्हतं. मग प्रश्न आला रंगाचा. भिंगं दोन तऱ्हांची मिळतात, पारदर्शक आणि किंचित पिवळसर. दोन्ही अतिनील किरण अडवतात. पिवळसर भिंग थोडा निळा प्रकाशही गाळतं. त्याने पडद्याचं रक्षण होतं असं सांगितलं जातं, पण तसा ठोस पुरावा अजून मिळालेला नाही. दिवसाच्या उजेडात पिवळसर भिंगानेही रंग ओळखण्यात फारसा फरक पडत नाही असंच बहुतेक ठिकाणी आढळलं आहे. तरीही आप्पांच्या कामात निळ्याचा एक बारीक पदरही मोलाचा होता, म्हणून पारदर्शक भिंग ठरलं. आणि सगळ्यात महत्त्वाचं, दोन्ही डोळ्यांत एकाच जातीचं. एक डोळा पारदर्शक आणि दुसरा पिवळसर झाला असता तर प्रत्येक शेडच्या दोन शेड झाल्या असत्या.

अंतराचं त्यांनीच ठरवलं. शेड मॅचिंगच्या कॅबिनेटसमोर उभं राहून नमुना धरला की तो डोळ्यांपासून पन्नासेक सेंटिमीटरवर येतो. मी मोजपट्टी घेऊन त्यांना माझ्यासमोर तसं उभं केलं होतं. तरी त्यांनी नंबर दूरचा मागितला. म्हणाले, "कॅबिनेटपुढे मी वीस वर्षं चष्मा घालून उभा आहे, तो मला जड नाही. पण कडोदरा चार रस्त्यावरून रोज संध्याकाळी स्कूटर काढतो, तिथे काचेवर पाऊस पडलेला नको." माझ्या मनात आधी पन्नास सेंटिमीटरचंच गणित बसलं होतं. त्यांचं ऐकल्यावर दूरचं ठरलं. हात कुठे असतात हे मी विचारते, पण कुठलं अंतर कोणाला जिवाचं वाटतं ते त्यालाच माहीत असतं.

पहिल्या डोळ्याचं ऑपरेशन झाल्यावर तिसऱ्या दिवशी ते आले तेव्हा जरा घाबरलेले होते. भिंती निळसर दिसतात म्हणाले. एक डोळा झाकून दुसऱ्याने बघितलं की पांढरा रुमाल चहा सांडल्यासारखा. हे होणार हे मी आधीच सांगून ठेवलं होतं, तरी प्रत्यक्ष अनुभवताना माणूस हादरतोच. मेंदूला नव्या रंगाची सवय व्हायला काही आठवडे, कधी महिने लागतात. मी त्यांना सांगितलं, दुसऱ्या डोळ्याचं होईपर्यंत होकार-नकाराची सही तुम्ही करू नका, तुमच्या हाताखालच्या मुलाला करू द्या, तुम्ही फक्त यंत्राचा आकडा तपासा. त्यांनी मालकाशी बोलून तसं करून घेतलं. मालक समजूतदार निघाले.

दुसऱ्या डोळ्याची तारीख महिनाभराने दिली. त्या सकाळी मी फॉर्मवर नेहमीच्या मापांखाली डॉक्टरांसाठी हाताने ओळी लिहिल्या: उजव्यात घातलेल्या भिंगाचं मॉडेल तेच, पारदर्शकच, नंबर दूरचा, काम रंग जुळवणीचं, संध्याकाळी दुचाकी. मॉडेलच्या नावाखाली दोनदा रेघ ओढली, कारण त्या आठवड्यात स्टॉकमध्ये त्याच शक्तीचं पिवळसर भिंगही आलेलं होतं.